दगडावर हाय, घरात न्हाई

वेबसाइटचं नाव ज्याच्या ताब्यात असतं, त्याच्याकडे इंटरनेट कायम चालू हवं, ही अट मीच लिहिली. जुन्नरच्या माझ्या खोलीत बसून, वेबसाइटची नावं देणाऱ्या आमच्या कंपनीसाठी, चहा निवायच्या आत. नावाबद्दल विचारणा आली की त्याने दोन दिवसांत उत्तर द्यायचं, नाहीतर नाव काढून घ्यायचं. वाक्य नेटकं जमलं म्हणून मी स्वतःवरच खूश होतो.

असं एक नाव माझ्या मामांकडे होतं. आंबेगावच्या डोंगरात ते भात लावतात आणि भाताच्या जुन्या वाणांचे फोटो वेबसाइटवर टाकतात. ती मीच त्यांना करून दिलेली. रेंज फक्त घरामागच्या चढावर, एका मोठ्या दगडावर. गुडघे दुखत असले तरी मामा रोज न्याहारी करून तिथं चढायचे आणि मला मेसेज पाठवायचे, "भाच्या, आज रायभोग टाकला बघ."

नव्या अटीचे फॉर्म सगळ्यांना गेले. 'इंटरनेट कायम उपलब्ध आहे का?' बाकीच्यांनी डोळे झाकून 'होय' लिहिलं. मामांनी लिहिलं, 'दगडावर हाय, घरात न्हाई.'

मीटिंगमध्ये कुणीतरी ते मोठ्याने वाचलं आणि सगळे हसले. मीही हसलो. हे माझे मामा आहेत, असं म्हणायला जीभ रेटली नाही. 'कायम'च्या जागी 'रोज एकदा' करा, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. तेही म्हटलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

अटीत बसत नाही म्हणून मामांच्या वेबसाइटचं नाव गेलं. परक्याच्या हाती पडू नये म्हणून ते मी घेतलं, अशी माझी मी समजूत घातली.

भातकाढणीच्या वेळी त्यांच्याकडे गेलो. "या पावणं, बसा," मामा म्हणाले. थट्टा असेल असं वाटलं. पण पाणी देतानाही 'तुमी'च म्हणाले. मग मी सांगून टाकलं, की अट माझीच होती. वर शहाणपणाही केला, "नुसतं 'होय' लिहायचं ना, मामा. कोण बघायला येणार होतं?"

मामांनी हातातली पेंढी आवळून बांधली.

"फॉर्म तुमच्याच कंपनीचा व्हता, पावणं," ते म्हणाले. "भाच्याला खोटं कसं लिव्हायचं?"

माझ्याकडे इंटरनेट कायम चालू असतं. वेबसाइटवर शेवटचा फोटो अजून रायभोगाचाच आहे.