अंगणातून विचारलेले प्रश्न

५ फेब्रुवारी २०२४. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे.

"आडनाव काय म्हनलं तुमचं?"

मी सांगितले. घरमालकाने पुढे केलेला पाण्याचा पेला मागे घेतला.

"मंग अंगनातच बसा, मॅडम. आत देवघर हाये. तिथूनच इचारा काय इचारायचं ते."

मेहकरजवळचे गाव. मी मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेली. ऐंशीच्या पुढच्या माणसांमधील नैराश्य ओळखण्याची तपासणी करायला आले होते. पंधरा प्रश्न, उत्तर हो किंवा नाही; गुण जितके जास्त, तितके नैराश्य गंभीर. अट एकच: उत्तर देणारा माणूस एकटा असावा.

मालकाची आई आतल्या खोलीत, खाटेवर. वय नव्वदीच्या घरात. ऐकू कमी येते. तिने भाकरी जवळपास सोडली आहे, हे गावच्या आशाताईंनी मला वाटेतच सांगितले होते.

मी अंगणातल्या खुर्चीवरून ओरडले, "आजी, आयुष्य रिकामं वाटतं का?"

रस्त्याने जाणारे दोघे थांबले. एका म्हातारीच्या मनाची मी दवंडी पिटत होते.

आतून सून म्हणाली, "सांगा नं, आत्याबाई, काय कमी हाये तुमाले?"

मुलगा हसला. "म्हातारीले काय डिप्रेशन येते वो? दोन टाइम चहा, दिवसभर टीव्ही. मलेच येईन एखांद्या दिवशी!"

"बरं हाये," आतून बारीक आवाज आला. प्रत्येक प्रश्नाला तेच. बरं हाये.

गुण: शून्य.

माझी खुर्ची कुठे ठेवली गेली, त्याचे ते माप होते.

मी आरोग्य विभागातल्या वरिष्ठांना फोन लावला. "शून्य आलं ना? मग पुढचं घर घ्या. वाद नको."

मी चपला काढल्या. ओसरी. उंबरा.

"ओ मॅडम! काऊन आत घुसून राह्यल्या?"

"तपासणी एकांतात होते. तुम्ही बाहेर थांबा."

"आमच्याच घरात आमी बाहेर?"

"हो."

सुनेला बाहेर पाठवून दार लावून घेतले. खाटेवर बसले, तिच्या कानाशी तोंड नेले.

"कोनाची वं तू?"

मी आडनाव सांगितले. तिने गोधडीचे टोक माझ्यापासून ओढून घेतले. डोळे मिटले. मी उठले नाही. तोच पहिला प्रश्न हळू आवाजात पुन्हा विचारला.

डोळे न उघडताच ती म्हणाली,

"सकाळी डोये उघडले का रडू येते, बाई. काऊन उघडले म्हनून."

दारावर थापा पडत होत्या. मी पुढचा प्रश्न विचारला. मग त्यापुढचा. तिने गोधडीचे टोक शेवटपर्यंत मुठीत धरले होते, आणि एकही उत्तर टाळले नाही. तिच्या मनातला विटाळ तसाच राहिला. तो राहिला म्हणून तिचे मरणे मला चालणार नव्हते.

वरिष्ठांचा फोन वाजला. "तक्रार आलीय. शून्यच राहू द्या."

"नाही, सर. ते मी खोडले. यांना आजच बुलढाण्याला मानसोपचार तज्ज्ञांकडे न्यायचे आहे. गाडी पाठवा, नाहीतर नकार लेखी द्या. गाडी येईपर्यंत मी या खाटेवरून उठणार नाही."

अंगणातून मी यापुढे एकही प्रश्न विचारणार नाही. कोणाच्याही अंगणातून.

दुपारचे बारा वाजून पाच मिनिटे. पंधरापैकी चौदा.