दूध उतू जाण्याआधी

‘काही नाही’ या दोन शब्दांचा आमच्या सुभेदारांइतका तिटकारा असलेला माणूस सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून दुसरा झाला नसेल. कुठं दुखतंय, काय हवंय, काय बिघडलंय, यांपैकी कोणत्याही प्रश्नाला कुणी ‘काही नाही’ म्हणालं की त्यांच्या मिशा हलत. “काय न्हाई म्हणणारा माणूस गळ्यापतूर बुडलेला असतोय,” ते म्हणत, “नाकात पाणी गेल्याबिगर हात वर करत न्हाई.” गेल्या महिन्यात औंधजवळच्या त्यांच्या गावी ते वारले. तेराव्याला कंपनीतून मी एकटाच होतो. बाकीच्यांची मीटिंग होती.

वीसेक वर्षं त्यांनी सैन्यात वायरलेसची यंत्रं सांभाळली, निवृत्तीनंतर मुलाच्या वयाच्या पोरांशेजारी बसून कॉम्प्युटर शिकले आणि मलकापुरातल्या आमच्या कंपनीत आले. आम्ही दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करतो. सात-आठ जणांचा गट, त्याचे ते प्रमुख. सॉफ्टवेअरच्या धंद्यात रोज सकाळी उभ्याउभ्या एक छोटी बैठक घ्यायची रीत आहे. काल काय केलं, आज काय करणार आणि कुठं अडलंय, एवढं प्रत्येकानं सांगायचं आणि कामाला लागायचं. आमच्याकडेही ती होत असे. मात्र पाऊण तास चाले आणि शेवटी सगळे भिंतीला टेकलेले असत.

सुभेदारांनी आल्या आल्या बैठक उचलून कंपनीच्या स्वयंपाकघरात नेली. एका केंद्रावरून आमच्याकडे रोज दूध येई. ते पातेल्यात ओतून गॅस पेटवायचा आणि विचारायला सुरुवात करायची. दूध वर येण्याआधी सगळ्यांचं सांगून झालं पाहिजे. ज्याच्या बोलण्यात दूध उतू जाईल त्यानं ओटा पुसायचा. सांगलीकडचा आमचा एक जुना प्रोग्रॅमर कोणत्याही चुकीची हकिगत ती चूक जन्माला येण्याच्या आधीपासून सांगायचा. त्यानं सलग तीन दिवस ओटा पुसला आणि चौथ्या दिवशी एका वाक्यात आटोपलं. पुढे एका लग्नात त्याची बायको सुभेदारांना म्हणाली, “आवं, काय केलं तुमी ह्यांना? घरात बी दोन शब्दांत बोलत्यात.” ती तक्रार होती की आभार, ते आम्हाला कधी कळलं नाही. दोघांत वाद सुरू झाला की सुभेदार हात वर करत आणि सांगत, भांडण गॅस बंद झाल्यावर. मग त्याच दोघांच्या हातात चहाचे कप देऊन त्यांना एका कोपऱ्यात बसवत. गावी गेल्यावर यमाईच्या देवळातही ते हात जोडून काल, आज आणि अडलेलं याच क्रमानं सांगत. तिसऱ्याला वेळ लागतो, असं त्यांच्या पत्नी म्हणायच्या.

पण नियमाचे ते वाटतात तितके पक्के नव्हते. आमच्यात एक बुजरी मुलगी नव्यानं आली होती. तिची बोलायची पाळी आली की तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. तेव्हा सुभेदारांचा उजवा हात हळूच पाठीमागे जाई आणि गॅसचं बटण फिरे. दूध बिचारं थांबून राही. हे बहुधा मी एकट्यानं पाहिलं होतं. मला बोलण्यापेक्षा पाहण्याची सवय जास्त. हातात सदा पुस्तक म्हणून ते मला मास्तर म्हणत.

स्वतःचं ते सगळ्यांत शेवटी सांगत आणि त्यांचं रोज काहीतरी अडलेलं असे. “हे नवं जे आणलंय ते काल दोनदा वाचलं. डोक्यात शिरलं न्हाई. कोण शिकिवतंय?” एके दिवशी ती बुजरी मुलगी म्हणाली, मी शिकवते. त्या दिवसापासून ती बोलायला लागली. सुभेदारांना ते खरंच समजलं नव्हतं की तिच्यासाठी समजलं नव्हतं, हे मी कधी विचारलं नाही.

मग कंपनीचे मालक बदलले आणि पुण्याहून नवे साहेब आले. त्यांनी आमच्या बैठकीचं तोंडभर कौतुक केलं. फक्त एक सुधारणा सुचवली: कोण काय म्हणालं त्याची रोज नोंद राहावी. माझी भाषा चांगली, अक्षर चांगलं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मला आनंद झाला होता, हे लिहायला आज हात जड होतो. सुभेदार एवढंच म्हणाले, “लिवा की. बोललो ते लिवा.”

मी लिहू लागलो आणि आठवड्याभरात सगळ्यांची अडचण मिटली. कुणाचंच कुठं अडेना. सांगलीकर ‘काही नाही’ म्हणाला, बुजरी मुलगीही तेच म्हणाली. दूध कोमट व्हायच्या आत बैठक संपू लागली आणि साहेब खूश झाले. रोज अडत होते ते एकटे सुभेदार. मी ते नीट, स्वच्छ अक्षरात, तारीखवार लिहीत गेलो. चार महिन्यांनी साहेबांनी ती वही मागून घेतली. त्याच आठवड्यात सुभेदारांना घरी बसायला सांगण्यात आलं, कारण त्यांना काम जमत नाही हे ते स्वतःच रोज सांगत होते. निरोपाचा चहा यंत्रातून आला. नव्या वहीत त्या दिवसाची नोंदही मीच केली: ‘अडचण: काही नाही.’

पुढे बऱ्याच महिन्यांनी, ते आजारी असल्याचं कानावर आलं तेव्हा मी गावी गेलो. वाटेत काय बोलायचं ते मी मनात चार वेळा जुळवलं होतं. सुभेदार निम्मे झाले होते, मिशा तेवढ्या शाबूत. पत्नी देवळात गेल्या होत्या. “या मास्तर,” म्हणत ते भिंतीला धरून उठले, स्वयंपाकघरात गेले आणि पातेल्यात दूध ओतून त्यांनी गॅस पेटवला.

“काल काय केलं?”

मी काहीतरी सांगितलं.

“आज?”

तुम्हाला भेटायला आलोय म्हणालो.

“आन् अडलंय कुठं?”

मी पातेल्याकडे बघत राहिलो. तेवढ्यात त्यांचा हात पाठीमागे गेला आणि बटण फिरलं. आच इतकी बारीक झाली की दिसेनाशी झाली. ते थांबले. शेवटी मी म्हणालो, “काही नाही.”

त्यांच्या मिशा हलल्या नाहीत. तेवढ्या बारीक आचेवरही साय फुगत वर आली आणि पातेल्याच्या कडेवरून दूध ओघळलं.

“बोलला न्हाई तरी उतू गेलंच की,” ते म्हणाले आणि फडकं त्यांनी माझ्या हातात दिलं.

मी ओटा पुसू लागलो. माझ्याकडे पाठ करून ते साखरेचा डबा शोधत होते. “सायबानं वही दावली मला,” ते म्हणाले. “मी बोललो तसंच लिवलं हुतं तुमी. येक शब्द इकडचा तिकडं न्हाई. अक्षर लय चांगलं हाय, मास्तर.”

मी परत परत तीच जागा पुसत राहिलो. पातेल्यात उरलेल्या दुधाचा चहा आम्हा दोघांना पुरला.