सर्व्हरनानांचं ‘मला दाव’

कुलूप लावलं की सर्व्हरनाना ते तीनदा ओढून बघत, दहा पावलं चालत आणि मागं येऊन चौथ्यांदा ओढत. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर ते येडगावहून रोज आमच्या निरगुडसरच्या ऑफिसात ईमेलचा सर्व्हर सांभाळायला येत. आमची शेतकऱ्यांची कंपनी द्राक्षं परदेशी पाठवायची आणि पत्रव्यवहार माझ्याकडं होता. “मी केलं” म्हटलं की नाना म्हणत, “मला दाव.” “मी नाही केलं” म्हटलं तरी तेच. माणूस गोड होता, पण डोक्याला ताप होता.

एका हंगामात आमच्या मेल एकाएकी परत येऊ लागल्या. आमचा सर्व्हर म्हणे ब्लॉकलिस्टमध्ये, म्हणजे नकोशा मेल टाकणाऱ्यांच्या काळ्या यादीत गेला होता. द्राक्षांचा कंटेनर बंदरावर खोळंबलेला, आणि खरेदीदार ठरलेला मेलचा पत्ता सोडून दुसरीकडून कागद घ्यायला तयार नाही.

नानांनी सगळ्यांवर संशय घेतला. शिपायाचा मोबाइल तपासला, माझा पासवर्ड दोनदा बदलायला लावला. मला मात्र त्यांचाच संशय येत होता. सर्व्हरच्या खोलीची किल्ली एकट्या त्यांच्याच कमरेला असायची.

“नाना, यादीवाल्यांना अर्ज करू. नाव काढतील,” मी चिडून म्हटलं.

“काढतील, अन् उद्या परत घालतील. कशापायी घातलं ते आधी मला दाव.”

गेलेल्या मेलची सगळी नोंद त्यांनी ओळ न् ओळ वाचली आणि दुपारी मला हाक मारली. त्यांचं बोट माझ्याच नावावर होतं. आठवड्यापूर्वी मी जत्रेचं आवतण आमच्या आवतणाच्या यादीतल्या सगळ्यांना मेलनं धाडलं होतं. आमच्याकडं माणूस वारला तरी त्या यादीतून त्याचं नाव काढत नाहीत. मान घराचा असतो, मुलगा जेवायला येतो. पण गेलेल्यांचे मेलचे पत्ते केव्हाच बंद पडले होते, आणि असे पत्ते मेलची सेवा देणाऱ्या काही कंपन्या मुद्दाम सापळा म्हणून ठेवतात. तिथं मेल पडली की पाठवणाऱ्यावर शिक्का बसतो. मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

“पोरी, मानाचं आवतान घरी नेऊन द्यावं,” नाना हळूच म्हणाले. “मेलच्या पेटीमागं मानूस न्हाई, तिथं कशाला टाकती?”

आम्ही बसून बंद पत्ते काढले. काय चुकलं आणि काय सुधारलं ते नानांनी अर्जात सरळ लिहिलं. तिसऱ्या दिवशी काळ्या यादीतून सुटका झाली, कागद गेले, कंटेनर वेळेत जहाजावर चढला. अध्यक्षांना नाना एवढंच म्हणाले, “जुनी यादी व्हती, साफ केली.” माझं नाव त्यांनी कुणापुढं घेतलं नाही. त्या दिवशी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

गेल्या वर्षी नाना गेले. यंदा मेलच्या यादीतून त्यांचा पत्ता मी स्वतः काढला, तेव्हा डोळे भरून आले. मग छापील आवतण घेऊन येडगावला नानांच्या घरी गेले. काकू दारातच उभ्या होत्या. पाकिटाकडं संशयानं बघत म्हणाल्या, “ह्यांचं नाव काढलं आसंल तुमी.”

“नाही काकू, आहे.”

“मला दाव.”