पेरूवरच्या चंद्रकला

कोणी काही विचारलं, की आमचे मास्साब आधी डोक्यावरची काळी टोपी काढून टेबलावर ठेवत. "हा सूर्य," म्हणत. मग समजावं, मधली सुट्टी गेली.

मध्यभारत नावाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. इंदूरच्या एका मुलींच्या शाळेत ते भूगोल शिकवत आणि मी त्यांच्या हाताखाली नवी, तात्पुरती. आकाशातला कितीही जड शब्द असो, मास्साब तो अंगणात आणून ठेवत. "तुळशीला प्रदक्षिणा घालता ना, ते परिभ्रमण. जागच्या जागी गिरकी घेतली, की परिवलन. पृथ्वी बिचारी दोन्ही करते." उल्केचं विचारलं तर, "तारा वगैरे काही तुटत नाही हो! रस्त्यावरची गिट्टी, खडी समजा. हवेत शिरली, तापली, जळाली, खतम." तुम्ही असतात तर तुम्हीही खुर्ची पुढे ओढली असती.

त्या हिवाळ्यात निरीक्षक माझा पाठ पाहायला आले. त्यांच्या शेऱ्यावर माझी नोकरी पक्की व्हायची होती. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, चूल माझ्याच पगारावर. विषय होता चंद्रकला. मी ठणकावून सांगितलं, की पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र कलेकलेने कमी होतो. निरीक्षक म्हणाले, "बहोत अच्छे!" मास्साब मागे बसून ऐकत होते.

शाळा सुटल्यावर त्यांनी मला पटांगणात बोलावलं. ऊन उतरलं होतं. डब्यातला पेरू माझ्या हातात देत म्हणाले, "हात लांब करा. डोक्यापेक्षा जरा वर धरा. आता हळूहळू गोल फिरा." सूर्याकडे तोंड होतं तेव्हा पेरूची काळोखी बाजू दिसली. वळत गेले तशी उजेडाची कोर आली, मग अर्धा पेरू, आणि सूर्याकडे पाठ झाली तेव्हा अख्खा उजळलेला.

"अर्धा पेरू सगळा वेळ उन्हातच आहे, बाई. तुम्हाला त्यातला किती दिसतो, त्याच्या या कला. आता हात थोडा खाली घ्या." माझ्या डोक्याची सावली पेरूवर पडली. "हे ग्रहण. तुम्ही आज ग्रहण शिकवलंत."

मला रडूच फुटलं. "मास्साब, ऑर्डर येईपर्यंत कुठे बोलू नका हो."

"मी कशाला बोलू? पण चाळीस मुली चुकीचा चंद्र घेऊन घरी गेल्या, उनका क्या?"

दुसऱ्या दिवशी शेवटच्या तासाला मी वर्गात कबूल केलं, की काल चूक शिकवलं. मग एकाच पेरूवर चाळीस जणींना आळीपाळीने पटांगणात फिरवलं. पेरूचं शेवटी काय झालं ते विचारू नका.

गोष्ट बडी बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, कानावर जाणारच होती. मी बोलावण्याची वाट पाहत राहिले. ते आलं नाही. पंधरवड्यात ऑर्डर आली. मी नशिबाला हात जोडले.

बडी बाई निवृत्त झाल्या, तेव्हा मास्साबांना देवाघरी जाऊन वर्ष झालं होतं. निरोपाचा चहा पिता पिता त्या म्हणाल्या, "तुला बोलावणं धाडणारच होते गं. तेवढ्यात मास्साब आले. म्हणाले, पाठाचं टाचण मीच लिहून दिलं होतं, चूक माझी. मग लेखी ताकीद त्यांना दिली."

टाचण मी एकटीने लिहिलं होतं. मास्साबांनी ते पाहिलंसुद्धा नव्हतं. चंद्राबद्दल एक शब्द खोटा खपवून न घेणारा माणूस माझ्या चुलीसाठी खोटं बोलला, आणि पुढे रोज शेजारी बसून डबा खाताना त्याने मला कळूही दिलं नाही.

मी तशीच उठून त्यांच्या घरी गेले. त्यांची घरची मंडळी इंदूरजवळच्या राऊ गावी राहायला गेली हे मला ठाऊक होतं, तरी गेले. दाराला कुलूप होतं. मी त्या कुलपालाच वाकून नमस्कार केला.