वेळ खाणाऱ्याचा माग

जयपूरच्या दुर्गापुऱ्यात वाढलेल्या प्रणालीची मराठी मधूनच हिंदीत घसरायची, पण हेल अस्सल भुसावळचा होता. वडील बळवंतराव रेल्वेच्या बदलीने भुसावळहून इकडे आले आणि इथलेच झाले. मालवीय नगरच्या एका कंपनीत ती एक साधन बनवत होती: मंद चालणाऱ्या प्रोग्रामचा वेळ नेमका कुठे जातो ते दाखवणारं.

दाखवायचं कसं, यावरून तिचं आणि सहकारी विशालचं रोज वाजायचं. प्रोग्राममध्ये एक काम दुसऱ्याला बोलावतं, दुसरं तिसऱ्याला. विशालने ही साखळी पहिल्या कामापासून मांडली होती, प्रत्येक ओळ आधीचीपेक्षा जरा उजवीकडे. शेवटच्या ओळी स्क्रीनबाहेर जायच्या. विश्वकर्मा भागात पंपांचा कारखाना चालवणारे गिऱ्हाईक सर्जेराव म्हणाले, "मॅडम, मान वाकडी झाली, पण चोर काही सापडला नाही."

त्याच आठवड्यात घरी फोन सुरू झाले. प्रणालीचं लग्न ठरलं म्हणे! आई सुवर्णाबाईंनी प्रत्येकीला एकच विचारलं, "तुला कोणी सांगितलं?" मग त्या सांगणाऱ्याला फोन. कस्तुरीमावशी, वासंतीकाकू, कुठूनही सुरुवात केली तरी माग जनार्दनकाकांपाशी यायचा. आणि काकांना? "अहो वहिनी, बळवंतानेच."

बळवंतराव पेपरात तोंड खुपसून म्हणाले, "मी एवढंच म्हटलं, मतलब, पोरगी लग्नाची झाली."

प्रणालीने हसता हसता वही ओढली: आई ऐकणाऱ्यापासून सांगणाऱ्याकडे, उलटी गेली होती.

दुसऱ्या दिवशी तिने सर्वांत जास्त वेळ खाणारं काम वर घेतलं. त्याखाली त्याला बोलावणारे, त्यांच्याखाली त्यांना बोलावणारे. सर्जेरावांच्या प्रोग्राममध्ये फाइल उघडण्याचं एक किरकोळ काम विशालच्या चित्रात शंभर ठिकाणी थोडंथोडं विखुरलं होतं, म्हणून कुणाच्या नजरेत भरलं नव्हतं. आता ते एकत्र होऊन थेट माथ्यावर आलं. खाली बोलावणारा दिसला: बिल छापणारा भाग. तो प्रत्येक ओळीसाठी तीच फाइल नव्याने उघडत होता.

"हे उलटं आहे," विशाल म्हणाला.

"आहेच."

"पण सगळा प्रवास बघायचा तर माझंच लागेल."

ते तिला पटलं. दोन्ही मांडण्या राहिल्या, अदलाबदलीला एक बटण आलं, आणि उघडताच आधी कोणती दिसावी यावर नवं भांडण जुंपलं. प्रणाली जिंकली.

प्रोग्राम दुरुस्त झाल्यावर सर्जेरावांनी बिल काढायला सांगितलं आणि सवयीने उठले. दारापर्यंत पोचायच्या आत बिल हातात.

"छान झालं," ते जरा हिरमुसून म्हणाले, "पण आता चहाला कोणत्या निमित्ताने जायचं?"