हाताला लागंना असला झुमका

किस्से काय, ठरवून गोळा होत नाहीत. रेखावैनींच्या बिस्किटाच्या डब्यात रंगीत कागदाच्या उरलेल्या पट्ट्या साठतात, तसेच आमचे किस्से साठलेत. एक ओढायला जावं तर चार गुंतून वर येतात. मला गल्लीत सगळे चोंबडी म्हणतात. म्हणू देत. मी चोंबडी नसते तर ह्यातलं काहीच माझ्या वाट्याला आलं नसतं.

* * *

रेखावैनी आमच्या समोरच्या घरात राहतात. माहेर हुपरीचं. एका दुपारी मी गॅलरीतून बघते तर बाई खिडकीत बसून सुईभोवती काहीतरी बारीक वळतायत. वळलं, ठेवलं. वळलं, ठेवलं. मी लगेच दोन घरी सांगून आले, "वैनी विड्या वळायला लागल्यात. काय अडचण आली असंल बिचारीला."

मग खात्री करायला वाटी घेऊन साखर मागायला गेले. आधी सांगायचं आणि खात्री नंतर करायची, अशी माझी पद्धत आहे.

बघते तर ताटात झुमके! कागदाच्या बारीक पट्ट्या वळून, गोंदानं चिकटवून, वर वॉर्निश मारलेले. क्विलिंग म्हणतात म्हणे त्याला. वैनींनी माझ्या वाटीकडं बघितलं आणि म्हणाल्या, "अक्का, सकाळीच पाच किलो साखर आली की तुमच्यात. मी बघितली."

म्हणजे गल्लीत बघणारी मी एकटी नव्हते.

"आलाय तर बसा," त्या म्हणाल्या. "ही पट्टी गुंडाळा."

त्या दिवशी बसले ती अजून बसलेलीच आहे. वाटी तिथंच राहिली. आता तिच्यात गोंद असतो.

* * *

तिसऱ्या आमच्या कांबळेबाई. जन्मभर नर्स होत्या, आता रिटायर. येताना स्वतःचा चिमटा घेऊन आल्या. माझी पाकळी सारखी उलगडायची. बाईंनी ती चिमट्यात धरली, गोंदाचा थेंब सोडला आणि मला दम दिला, "हिला उद्या सकाळपर्यंत हलवायचं न्हाय. भेटायला यायचं न्हाय."

दुसऱ्या दिवशी मी दारातूनच विचारलं, "कशी हाय?"

"धोका टळला."

पुढं बाईंच्या भाचीचं लग्न निघालं. पांढऱ्या साडीवर पोरीला निळा सेट पाहिजे होता. तिघींनी चार दुपारी खपून कागदाचा केला. विहारात लग्न लागलं, फुलं पडली, पोरगी सगळ्यांच्या गळ्यात पडली, सेटला काही झालं नाही. कांबळेबाई कुणाचं कौतुक करत नाहीत. घरी येताना रिक्षात एवढंच म्हणाल्या, "अक्का, तुमची पाकळी शेवटपर्यंत टिकली."

दहावीला गणितानं अडवल्यापासून मला कुणी पास केलं नव्हतं.

* * *

मग मला जोर चढला. घरात दिसेल तो कागद मी कापायला लागले. जाड कागदाचे लांबट त्रिकोण कापून काडीवर वळले की झकास मणी होतात. लग्नपत्रिकेचे तर फारच देखणे, आतून सोनेरी रेघ येते. अशा वीस मण्यांची माळ करून मी वैनींच्या गळ्यात घातली.

रविवारी सकाळी आमचे हे शर्टाची बटणं लावत विचारतात, "कुरुंदवाडच्या लग्नाची पत्रिका कुठं ठेवलीस? हॉल कुठला हाय?"

मी तडक समोरच्या घरात गेले. "वैनी, जरा मान इकडं करा."

तिघींनी बसून मणी उलगडले. पहिल्यात आजोबांचं नाव निघालं. दुसऱ्यात 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं'. कांबळेबाई चिमट्यानं तिसरा सोडवत होत्या आणि आमचे हे दारात उभं राहून म्हणत होते, "मुहूर्त तरी सापडतोय का बघा!" मुहूर्त पाचव्यात होता. हॉल नवव्यात.

उरलेल्या अकरा मण्यांची माळ मीच घालून लग्नाला गेले. नवऱ्या मुलाची आई जवळ आली, माळ हातात घेऊन बघितली. "किती सुंदर हो. कुठनं घेतली?"

"तुमच्याचकडनं," म्हटलं.

* * *

आता ह्या किश्श्यात माझी चूक आहे, ती आधीच सांगते.

वैनींचे वडील, आप्पा, हुपरीचे जुने कारागीर. उभा जन्म चांदीचे पैंजण केले. घरातच भट्टी, घरातच सगळी माणसं कामाला. वैनी फ्रॉकात असल्यापासून घुंगरू ओवायला बसायच्या. "माझ्या लेकीचा हात लय बारीक," असं आप्पा येईल त्याला सांगायचे म्हणे. लग्न झालं आणि ते काम सुटलं. आप्पांचेही हात पुढं थरथरायला लागले. दोन वर्षं झाली, त्यांनी फुंकणी टांगून ठेवलेली.

डोळे तपासायला ते इकडं कोल्हापुरात, लेकीकडं यायचे होते. आदल्या दिवशी वैनींनी झुमक्यांचं ताट पलंगाखाली सारलं. मी बघितलं. दुसऱ्या दिवशी वैनींनी आप्पांना चहा दिला, आणि मी आपलं बोलून गेले, "आप्पा, तुमची लेक पण दागिनं करती की!"

वैनींनी माझ्याकडं असं बघितलं की बस्स. पण ताट काढावं लागलं.

आप्पांनी एक झुमका उचलला. आधी उलटा करून मागची बाजू बघितली. कारागीर मागूनच बघतात. मग तळहातावर दोनदा उडवला. चांदी अशीच बघायची त्यांची सवय.

"हाताला लागंना," म्हणाले. "ज्येला वजन न्हाय ती वस्तू न्हाय, पोरी."

वैनी हसल्या. "व्हय की, आप्पा. नुसता टाइमपास हाय." आणि आत गेल्या. मोरीतला नळ बराच वेळ चालू होता.

* * *

त्यानंतर तीन आठवडे डबा उघडला नाही. मी रोज तीन वाजता गॅलरीत उभी राहायची. खिडकी बंद. कांबळेबाई चिमटा पर्समध्ये घेऊन यायच्या आणि तसाच परत न्यायच्या. वैनी म्हणायच्या, "आज डोकं दुखतंय." एक दिवस म्हणाल्या, "ते सगळं द्या कुणाला तरी. पोरांच्या शाळेला होईल."

शाळेला द्यायचं म्हणून ताट मोजलं तर मोरपंखी झुमक्यांचा जोड गायब.

"अक्का," कांबळेबाई म्हणाल्या, "पिशवी दाखवा."

मी पिशवी उलटी केली. माझी सुई, वैनींची कात्री आणि कांबळेबाईंचा चष्मा निघाला. झुमके काही निघाले नाहीत.

* * *

नातीच्या बारशाला पैंजण घ्यायचं निमित्त करून मी हुपरीला गेले. खरं तर आप्पांना चार शब्द सुनवायचे होते. एसटीत सगळे पाठ केलेले. 'आप्पा, आम्हा तिघींच्या दुपारी त्या पोरीनं उजळून टाकल्यात, त्येला काय वजन न्हाय व्हय?'

गेले, बसले, आणि आप्पांच्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली बघून पाठ केलेलं विसरले.

"हे काय झालं?"

"भाकरी भाजताना पोळलं."

आतून त्यांच्या सुनेचा आवाज आला, "आप्पा कधीपासनं भाकरी भाजायला लागलं?"

"तू तुझं काम कर," आप्पा म्हणाले. निघताना त्यांनी पैंजणाची पुठ्ठ्याची डबी माझ्या हातात दिली. दोरा करकचून बांधलेला. "रेखाला द्या. उघडायची न्हाय."

"मी कशाला उघडू, आप्पा?"

हुपरीची वेस ओलांडेपर्यंत मी थांबले. माझ्या मानानं हे खूप झालं. पुढं बस एका खड्ड्यात आदळली आणि मांडीवरची डबी वाजली. वाजली म्हटल्यावर काय करणार? दोरा सोडला.

आत मोरपंखी झुमके. स्टीलचे हूक काढून चांदीचे घातलेले. आणि कागदाला कुठं आचेचा डागसुद्धा न लागता, खालच्या कडेला गोल ओवलेली चांदीची घुंगरं. मोहरीएवढी.

* * *

वैनींनी डबी घेतली, गाठ बघितली. "आप्पांची गाठ अशी नसती, अक्का."

"बसला लय धक्के बसत होते."

वैनींनी दोरा सोडला. झाकण काढलं. झुमका उलटा करून मागची बाजू बघितली, खूप वेळ. मग आप्पांना फोन लावला. पलीकडनं आप्पांचा आवाज एवढा मोठा की माझ्यापर्यंत, कांबळेबाईंपर्यंत, बहुतेक नाक्यापर्यंत गेला असेल.

"मिळालं? हातावर घे."

वैनींनी झुमका तळहातावर घेतला.

"उडवून बघ की. लागतंय का आता?"