तड्याच्या टोकाचं भोक

अख्खी गल्ली त्याला दादा म्हणायची. एके काळी दुकानात त्याचा धाकटा भाऊही होता आणि तो दिवसभर "दादा, दादा" करून कान किटवायचा. धाकटा दुकान सोडून गेला, हाक मात्र गल्लीनं ठेवून घेतली.

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला खिडकी बसवून देणं हे दादाचं काम. हौशी माणसांना आतले पंखे आणि रंगीत दिवे बाहेरून दिसायला हवे असतात. मग बाजूच्या पत्र्यात चौकट कापायची आणि तिथे पारदर्शक ॲक्रिलिक लावायचं. कापण्यात दादाचा हात धरणारं कोणी नव्हतं. शीटवरचा कागद तसाच ठेवून तो रेघ मारायचा, करवतीचं पातं सावकाश चालवायचा, आणि कडा कानशीनं अशी घासायचा की बोट कुठे अडखळू नये. स्क्रूंसाठी भोकं पाडणं मात्र त्याला जन्मात साधलं नाही. ॲक्रिलिकचे नखरे फार. ड्रिल जरा दाबलं की कोपरा तडकतो, जरा रेंगाळलं की भोक वितळून बसतं. दादाचा स्वभावच दाबायचा, त्याला कोण काय करणार?

धाकट्याचा हात हलका होता. दादा शीट कापून, कागदावर फुल्या मारून, मान वर न करताच ती टेबलावरून पलीकडे सरकवायचा. मग खाली लाकडाचा ठोकळा ठेवून दोन्ही हातांनी शीट दाबून धरायचा, आणि धाकटा शीळ घालत भोकं पाडायचा. "हलू नकोस, दादा," एवढंच काय ते त्याला थोरल्याला दटावता यायचं, आणि तेवढ्यावर स्वारी खूश असायची.

एकदा अशी शीट धरलेली असताना फोन वाजला आणि दादानं एक हात सोडला. शीट ड्रिलबरोबर वर उचलली गेली, काड्कन आवाज झाला आणि कोपऱ्यापासून मध्यापर्यंत तडा गेला. गिऱ्हाईक समोरच उभं होतं. दादाच्या तोंडून निघून गेलं, "याच्या हातात कामच नाही."

धाकट्यानं ड्रिल खाली ठेवलं, वायर नीट गुंडाळली आणि निघून गेला. त्या गुंडाळलेल्या वायरीचंच दादाला जास्त लागलं. आदळआपट करून गेला असता तर राग उतरल्यावर परत आला असता. वायर गुंडाळून गेलेल्या माणसाची वाट कशी बघायची?

तरी दादा बघत राहिला. ड्रिलला त्यानं पुन्हा हात लावला नाही. खिडक्या रबराच्या पट्टीत बसवायला लागला, आणि कोणी स्क्रू मागितलेच तर त्यांची आता फॅशन राहिली नाही असं ठोकून द्यायचा. "फॅशन तुमच्या भावाबरोबर घर सोडून गेली वाटतं," बायको म्हणायची. दादा ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. पण सवय काही सुटत नव्हती. कापून झालं की अजूनही शीट पलीकडे सरकवायचा, आणि पलीकडे कोणी नाही हे आठवून ती पडायच्या आत धरायला धावायचा. त्याला भावाची आठवण यायची, रोज यायची, आणि कोणाला सांगायची सोय नव्हती.

एका सकाळी एक नर्स दुकानात आली. रात्रभर पेशंट सांभाळायचे आणि घरी जाऊन कॉम्प्युटरवर राक्षस मारायचे, असा तिचा दिनक्रम. तिनं कॅबिनेटचा पत्रा टेबलावर ठेवला. खिडकीला एका स्क्रूपासून तडा गेला होता आणि मध्येच थांबला होता. जिथे थांबला होता तिथे मोहरीएवढं भोक होतं.

दादा त्या भोकाकडे बघतच राहिला. तडा पुढे पळू नये म्हणून त्याच्या टोकाला असं बारीक भोक पाडतात, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. पण तडकलेल्या शीटवर पुन्हा ड्रिल टेकवायचं धाडस करणारा एकच माणूस त्यानं पाहिला होता.

"हे कोणी केलं?"

"पुलापलीकडे रेडिओ दुरुस्त करणारे एक जण आहेत. तात्पुरतं थांबवून देतो म्हणाले. नवी शीट मात्र तुमच्याकडूनच कापून घ्यायला सांगितलीय."

"आणखी काय म्हणाला?"

"तुमच्यासारखं कापणारं कोणी नाही म्हणाले." नर्स जरा घुटमळली. "पण भोकं तुमच्याकडून पाडून घेऊ नका, असंही म्हणाले."

दादा हसला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले, तेव्हा तो उगाच कानस शोधायला लागला.

संध्याकाळी न्यायला येते म्हणून नर्स झोपायला घरी गेली. आतून बायको बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"जा की मग."

"त्यानं कुठे बोलावलंय?"

"बोलावणं आणखी कसं असतं? बँड पाठवायचा का त्यानं?"

दादानं शीट कापली. इतकी जपून त्यानं आजवर एकही कापली नव्हती. जुनी खिडकी वर ठेवून फुल्या मारल्या. मग टेबलाखालचा ठोकळा काढला. धाकट्याच्या भोकांनी त्याची पार चाळण झाली होती. ठोकळा, पत्रा आणि शीट काखेत मारून त्यानं भरदिवसा दुकान बंद केलं. धाकट्यानं तोंड फिरवलं तर, एवढी एकच भीती पूलभर त्याच्याबरोबर चालत होती.

धाकटा उघड्या रेडिओवर वाकला होता. कानाजवळचे केस पिकले होते. दादानं वाटेत जुळवलेलं वाक्य जिभेवर आलं आणि तिथेच अडलं. त्यानं मान खाली घालून शीट टेबलावरून पलीकडे सरकवली.

ती पडली नाही.

दादानं वर पाहिलं. धाकट्याचा पंजा शीटवर होता आणि तो फुल्या बघत होता.

"त्या दिवशी हात मी सोडला होता," दादा म्हणाला.

"माहीत आहे."

धाकट्यानं ठोकळा ओढून शीटखाली सारला, त्यावरून एकदा बोटं फिरवली आणि ड्रिल उचललं.

"धर. आणि फोन वाजला तरी हलू नकोस, दादा."

दादानं दोन्ही हातांनी शीट धरली. तेवढ्यात खिशातला फोन खरंच वाजला. बायकोचाच असणार. त्यानं तो वाजू दिला.